हार्पर्स फेरीला ट्रेनचे फोटो काढायचेत? मग आधी ऊन बघा, गाडी येतेच

हार्पर्स फेरीला पहिल्यांदा गेलो तेव्हा दिवसभरात सहा गाड्या गेल्या आणि घरी आल्यावर बघतो तर एकही धड फोटो नाही. भोंगा ऐकू आला की मी पळायचो, फलाटावरून पुलाकडे, पुलावरून परत फलाटाकडे, आणि धापा टाकत पोचेपर्यंत शेवटचा डबा बोगद्यात शिरलेला असायचा. ज्या दोन गाड्या नीट सापडल्या त्या उन्हाच्या विरुद्ध बाजूने, म्हणजे फोटोत नुसती काळी सावली आणि मागे पांढरंफटक आभाळ. नंतर चारपाच चकरा झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला की या गावात पळायची गरजच नाहीये. सकाळी एका जागी बसायचं, दुपारनंतर दुसऱ्या जागी, बस. कुठे आणि का ते सांगतो.

आधी गावाचा नकाशा डोक्यात पक्का करा, त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. हार्पर्स फेरी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात आहे, पोटोमॅक आणि शेनान्डोआ या दोन नद्यांच्या मधल्या टोकावर. म्हणजे कराडचा प्रीतिसंगम बघितला असेल तर कल्पना येईल, फक्त इथे संगमाच्या तिन्ही बाजूंना उभे डोंगर आहेत. पोटोमॅकच्या पलीकडे मेरीलँड, तिथला कडा म्हणजे मेरीलँड हाइट्स. शेनान्डोआच्या पलीकडे व्हर्जिनिया, तिथला डोंगर लाउडन हाइट्स. एका जागी उभं राहून तीन राज्यं दिसतात. रेल्वे पोटोमॅकच्या काठाकाठाने पश्चिमेकडून येते, गावाच्या स्टेशनात थोडी वळते, पुलावरून नदी ओलांडते आणि थेट समोरच्या कड्याच्या पोटात, बोगद्यात घुसते. बोगद्याच्या तोंडातून खरं तर दोन पूल फुटतात, इंग्रजी वाय अक्षरासारखे. एक १८९४चा, ज्यावरून शेनान्डोआच्या खोऱ्यात जाणारी छोटी लाईन जाते आणि ज्याला चिकटून पायी जायचा रस्ता आहे, आणि दुसरा १९३१चा, ज्यावरून मेन लाईनची सगळी वाहतूक चालते. हा वाय लक्षात ठेवा कारण आपल्या सगळ्या फ्रेम त्याच्याभोवती फिरणार आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. मेरीलँडचा कडा गावाच्या पूर्वेला, थोडा ईशान्येला आहे. म्हणजे सकाळी तुम्ही कड्यावर असाल तर सूर्य पाठीशी आणि गाव समोर उन्हात. दुपारनंतर तुम्ही गावात असाल तर सूर्य पुन्हा पाठीशी आणि कडा, बोगदा, पूल सगळं समोर उन्हात. आणि नशीब बघा, पूर्वेकडे जाणारी गाडी कड्यावरच्या माणसाला तोंड दाखवत येते, पश्चिमेकडे जाणारी गाडी गावातल्या माणसाला. म्हणून सकाळी वर आणि पूर्वेच्या गाड्या, दुपारनंतर खाली आणि पश्चिमेच्या गाड्या. हे एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं.

त्यात अजून मजा म्हणजे पॅसेंजर गाडीचं टाइमटेबल पण याच्याशी जुळतं. अ‍ॅमट्रॅक या पॅसेंजर गाड्या चालवणाऱ्या कंपनीची शिकागोहून येणारी गाडी दुपारच्या आधी वॉशिंग्टनकडे जाते आणि उलट दिशेची संध्याकाळकडे शिकागोला जाते. पूर्वी ही कॅपिटल लिमिटेड होती, नोव्हेंबर २०२४ पासून तिचं नाव फ्लोरिडियन झालं आणि ती शिकागोहून वॉशिंग्टनमार्गे थेट मायामीपर्यंत जायला लागली. इंटरनेटवरचे जुने फोटो बघून कोणी डबलडेकर डब्यांची स्वप्नं बघत असेल तर सॉरी, ते सुपरलायनर डबे कॅपिटल लिमिटेडला होते, फ्लोरिडियनला साधे एकमजली डबे असतात. मला व्यक्तिशः हे एकमजली डबे पुलावर जास्त आवडतात, गाडी लांब सडसडीत दिसते, पण हे आपलं माझं मत.

आता जागा.

पहिली आणि सगळ्यात भारी, मेरीलँड हाइट्सचा ओव्हरलुक, म्हणजे कड्यावरून खालचा देखावा बघायची जागा. कॅलेंडरवर, पोस्टरवर जो फोटो असतो ना, खाली गाव, दोन नद्या, चर्चचा मनोरा आणि पुलावर गाडी, तो इथूनच. गावातून १८९४च्या पुलाला लागून असलेल्या पायवाटेने नदी ओलांडायची, पलीकडे कालव्याच्या काठाचा रस्ता लागतो, तिथून थोडं चालून डोंगराची चढण सुरू. जाऊन येऊन साधारण साडेचार मैल, तीन तास धरा, आणि वर बसायचा वेळ वेगळा. सुरुवातीची चढण बऱ्यापैकी दमवते, त्यामुळे घरातल्या सगळ्या लेन्स गळ्यात घालून जाऊ नका. मी एकदा तीन लेन्स, भलामोठा ट्रायपॉड आणि लॅपटॉपसुद्धा (का ते मलाच माहीत नाही) घेऊन चढलो होतो आणि वर पोचल्यावर पहिला अर्धा तास नुसता बसून पाणी पीत होतो, तेवढ्यात एक मालगाडी गेली. एक साधी २४-७० आणि वाटलंच तर ७०-२०० पुरते. खरं तर २४-७० मधेच निम्म्याहून जास्त फोटो होतात.

वर काय करायचं. कठड्याबिठड्याची अपेक्षा ठेवू नका, नुसता उघडा खडक आहे आणि खाली सरळ दरी. ट्रायपॉड लावला तर पाय खडकाच्या खाचेत नीट रोवा आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावून एक पाऊलही पुढेमागे करायचं नाही, आधी डोळा काढायचा मग पाय हलवायचा. सुट्टीच्या दिवशी गर्दी होते, सगळ्यांना सेल्फी हवा असतो, त्यामुळे लवकर पोचून एक कोपरा धरा आणि बाकीच्यांना पण जागा द्या, आपण काही खडक विकत घेतलेला नाही.

बोगद्याचं तोंड तुमच्या बरोब्बर पायाखाली असतं, ते वरून दिसत नाही. त्यामुळे पश्चिमेकडे जाणारी गाडी आधी कानाला कळते, खालून एक घरघर चढत येते, आणि मग इंजिन एकदम पुलावर बाहेर पडलेलं दिसतं. पण तेव्हा इंजिनाची पाठ तुमच्याकडे असते. पूर्वेकडे येणारी गाडी मात्र फ्रेमच्या उजवीकडून, पोटोमॅकच्या काठाने येताना दिसते, स्टेशनात वळते आणि तोंड करून तुमच्या दिशेने पुलावर येते. तिच्यासाठी थांबायचं. कोळशाची भरलेली गाडी आली तर सोन्याहून पिवळं, कारण भरलेले डबे पूर्वेकडे बाल्टिमोरच्या कर्टिस बे धक्क्याकडे जातात आणि वरून बघताना प्रत्येक डब्यातला कोळशाचा ढीग वेगळा दिसतो, जमिनीवरून नुसत्या काळ्या भिंती दिसतात.

गाडी कुठे असताना बटण दाबायचं? नवीन माणूस इंजिन पुलाच्या मध्यावर आल्यावर दाबतो. दाबा, पण तेवढ्यावर थांबू नका. माझा आवडता क्षण त्याच्या थोडा आधीचा, इंजिन स्टेशनच्या वळणातून पुलावर नुकतंच चढतंय, मागचे डबे अजून नदीकाठाने वळलेले, म्हणजे गाडीचा मोठा बाक तयार होतो आणि नजर आपोआप उजवीकडून मधे येते. पूर्ण पूल रिकामा आणि त्यावर फक्त इंजिनाचं टोक, हा पण छान होतो. मालगाड्या इतक्या लांब असतात की पुलावर एक टोक आणि दुसरं टोक झाडीत गडप, त्यामुळे घाई नाही, एकाच गाडीचे चारपाच वेगळे फोटो आरामात मिळतात. फक्त फ्रेम आधी बांधून ठेवा. म्हणजे गाडी नसताना एक फोटो काढा, तो बघा, नद्यांचा संगम आलाय का, सेंट पीटर्स चर्चचा मनोरा कापला जात नाहीये ना, खालच्या बाजूला झाडाची फांदी घुसलीय का. गाडी आल्यावर हे बघायला वेळ नसतो. रिकामी फ्रेमच जर कंटाळवाणी असेल तर गाडी येऊन पण ती कंटाळवाणीच राहते, हा माझा अनुभव.

वेळेचं गणित असं की फार लवकर जाऊन उपयोग नाही. सूर्य तुमच्या पाठीमागच्या डोंगराआडून येतो त्यामुळे सकाळी लवकर त्याच डोंगराची सावली पुलावर पडलेली असते, गाव उन्हात आणि पूल अंधारात, कॅमेऱ्याची पार भंबेरी उडते. उन्हाळ्यात साधारण नऊ ते अकरा चांगले. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून तिरका येतो, तेव्हा लेन्सला ऊन अडवणारा हूड हवाच. दुपारी बारानंतर उन्हाळ्यात हवेत धूसरपणा येतो आणि तिसऱ्या प्रहरी तर सूर्य सरळ लेन्समधे. तेव्हा खाली उतरायचं. पहाटे नदीवर धुकं असेल तर मात्र वरचे सगळे नियम विसरा आणि सावलीतच काढा, धुक्यातून फक्त पुलाची रेघ आणि हेडलाइट दिसतो तेव्हा ऊन लागतच नाही. ऑक्टोबरच्या शेवटी पानांचा रंग असतो पण गर्दीही तेवढीच. मला जानेवारी जास्त आवडतो, झाडं उघडी झाली की काठाकाठाची गाडी लांबवर दिसते.

आता खाली, गावात. संगमाच्या टोकाला पॉइंट म्हणतात. दुपारनंतरची ही जागा. समोर नदी, पलीकडे उन्हात पिवळा पडलेला कडा, त्यात बोगद्याचं काळं तोंड आणि तिथून निघणारे दोन्ही पूल. नीट बघितलं तर कड्यावर जुन्या पांढऱ्या अक्षरांच्या खुणा दिसतात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्रेनमधल्या लोकांना दिसावी म्हणून मेनेन कंपनीच्या टाल्कम पावडरची जाहिरात रंगवली होती ती. टेलिफोटो असेल तर ती अक्षरं आणि बोगद्यातून निघणारं इंजिन एका फ्रेममधे घ्यायचा प्रयत्न करा. पाण्यात दगडी खांब उभे दिसतील ज्यांच्यावर काहीच नाही. तो जुना पूल १९३६च्या पुरात गेला, खांब राहिले. पुढे रिकामे खांब आणि मागे चालत्या गाडीचा पूल, ही फ्रेम इथली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित. वाइड लेन्स लावून खाली बसा, खांब मोठे होतात.

पॉइंटच्या जवळच विटांची एक छोटी बैठी इमारत आहे, जॉन ब्राउनचा किल्ला म्हणतात, किल्लाबिल्ला काही नाही, सरकारी शस्त्रांच्या कारखान्यातलं बंबघर होतं. ऑक्टोबर १८५९ मधे जॉन ब्राउनने गुलामगिरीविरुद्ध उठाव करायला इथल्या शस्त्रांवर छापा घातला आणि शेवटी याच इमारतीत पकडला गेला. त्या रात्री त्यांनी ट्रेनही अडवली होती, आणि गोष्टीतली क्रूर गंमत अशी की छाप्यात पहिला मेला तो हेवर्ड शेफर्ड, स्टेशनवर सामान सांभाळणारा माणूस, स्वतः कृष्णवर्णीय आणि गुलाम नसलेला. फोटोवाल्यांच्या कामाचं एवढंच की इमारत आज आहे ती तिची मूळ जागा नाही. मूळ जागेवर १८९४ मधे रेल्वेचा भराव पडला, तिथे आता भरावावर दगडी स्तंभ आहे. ती इमारत मधल्या काळात १८९३च्या प्रदर्शनासाठी शिकागोलाही जाऊन आली आणि १९६८ मधे आत्ताच्या जागेवर आली. म्हणजे या गावात इतिहासाला पण रेल्वेने बाजूला सरकवलंय, आणि इमारत, स्तंभ, भराव हे एका फ्रेममधे बसवता आलं तर फोटोला गोष्ट मिळते. हा फोटो मला अजून मनासारखा जमलेला नाही.

स्टेशनचा फलाट. १८८९चं लाकडी स्टेशन आहे, मस्त जुनं, १९३१ मधे नवीन पूल झाला तेव्हा उचलून आत्ताच्या जागेवर आणलेलं. फलाटाच्या पूर्व टोकाकडून बघितलं की रूळ, पूल आणि बोगदा एका रेषेत येतात, २०० मिलीमीटरने ते सगळं एकावर एक दाबलं जातं आणि बोगद्यातून इंजिन बाहेर येताना जबरदस्त दिसतं. बोगदा लांब नाहीये, आधी आत एक पिवळट उजेड भिंतीवर हलायला लागतो, मग हेडलाइट, मग इंजिन. उजेड दिसला की बर्स्ट (बटण दाबून धरून सलग फोटो) चालू करायचा मोह होतो, करू नका, इंजिनाचं नाक उन्हात येईपर्यंत थांबा, नाहीतर बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरतो आणि नेमक्या क्षणी कॅमेरा गप्प बसतो. माझं झालंय असं. दोनदा.

इथे एक गोष्ट निक्षून सांगतो. फलाटाच्या पिवळ्या रेषेच्या मागे राहायचं आणि रुळांवर, खडीवर, पुलाच्या रेल्वेवाल्या भागावर, बोगद्याजवळ पाऊल टाकायचं नाही. रूळ सीएसएक्स कंपनीच्या मालकीचे आहेत, रेल्वेची स्वतःची पोलीस असते आणि परवानगीशिवाय आत गेलात तर गुन्हा आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रुळांच्या दोन जोड्या आहेत, एका गाडीचा फोटो काढताना दुसरी मागून येते आणि पहिलीच्या आवाजात दुसरी ऐकूच येत नाही. ढकलत चालवलेली गाडी तर इंजिन मागे असल्याने अजूनच चुपचाप येते. दोन रुळांच्या मधे उभं राहून काढलेले लग्नाचे फोटो बघून कोणाला कल्पना सुचली असेल तर ती तिथेच सोडून द्या. चांगले सगळे कोन सार्वजनिक जागेतून मिळतात, म्हणून तर हे गाव आवडतं.

पायी पुलाबद्दल थोडं. त्यावर उभं असताना शेजारच्या मोठ्या पुलावरून मालगाडी गेली की पायाखाली सगळं थरथरतं, फोटोपेक्षा व्हिडिओसाठी जागा चांगली. फोटोत मधे बरंच लोखंड येतं. ट्रायपॉड तिथे लावू नका, रस्ता अरुंद आहे, हा अ‍ॅपलाचियन ट्रेल या लांब पल्ल्याच्या पायवाटेचा भाग आहे त्यामुळे पाठीवर मोठ्या सॅक घेतलेले लोक सारखे जात असतात, शिवाय थरथरीमुळे फोटो हलतोच. डिसेंबर २०१९ मधे मालगाडीचे डबे घसरून पोटोमॅकमधे पडले होते तेव्हा या पायवाटेचं नुकसान झालं आणि ती कित्येक महिने बंद होती, म्हणून जायच्या आधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर रस्ते चालू आहेत का ते एकदा बघाच, पूल बंद असेल तर ओव्हरलुकचा सगळा प्लॅन बदलतो.

शेनान्डोआच्या बाजूची छोटी लाईन गावातून उंच खांबांवरून जाते, जुन्या इमारतींच्या अगदी जवळून. दिसायला फार गोड, पण गाड्या कमी. तिच्यासाठी मुद्दाम थांबू नका, आली तर बोनस. जेफरसन रॉकवर पण लोक पाठवतात, थॉमस जेफरसन १७८३ मधे तिथे उभा होता वगैरे, देखावा सुंदरच आहे पण गाडीसाठी ती जागा नाही.

गाडी येणार कधी हे कसं कळणार? अ‍ॅमट्रॅकचं सोपं आहे, त्यांच्या अ‍ॅपवर गाडी किती लेट आहे ते दिसतं. पूर्वेकडे जाणारी गाडी मार्टिन्सबर्गहून सुटली की साधारण अर्धा तास, पश्चिमेकडे जाणारी रॉकव्हिलहून सुटली की पाऊण तास धरा. शिकागोहून येणारी गाडी रात्रभर चालून आलेली असते, तिला उशीर होणं नवीन नाही, त्यामुळे वर कड्यावर बसून डबा खायचा आणि अ‍ॅप बघत राहायचं. वर रेंज दगा देऊ शकते म्हणून चढायच्या आधी बघून घ्या. मार्क नावाच्या लोकल गाड्या आहेत, त्या फक्त सोमवार ते शुक्रवार, सकाळी वॉशिंग्टनकडे आणि दुपार-संध्याकाळी परत. शनिवार-रविवारी जाणाऱ्यांना त्या दिसणारच नाहीत. आणि याचाच दुसरा अर्थ असा की वॉशिंग्टनहून ट्रेनने सकाळी येऊन संध्याकाळी परत, हे जमत नाही, सगळ्या वेळा उलट्या आहेत. एक तर मुक्काम करा नाहीतर कार घेऊन या, वॉशिंग्टनहून दीडएक तासाचा रस्ता आहे.

मालगाड्यांना टाइमटेबल नसतं. काही लोक रेडिओ स्कॅनर आणतात, रुळांच्या कडेला मधेमधे यंत्रं बसवलेली असतात जी गाडी गेल्यावर डब्यांत काही बिघाड आहे का ते तपासून रेकॉर्डेड आवाजात रेडिओवर सांगतात, किती आस मोजले ते पण. तो आवाज आला की समजायचं गाडी जवळ आहे. स्कॅनर नसेल तर सिग्नलकडे लक्ष ठेवा, आणि तेही नको असेल तर नुसतं बसा, ही चालू लाईन आहे. मात्र कधीकधी दोन तास काही येत नाही आणि मग अर्ध्या तासात तीन, हे पण तितकंच खरं. तुम्ही कंटाळून सामान भरलं की गाडी येते, याला काही शास्त्रीय कारण नाही पण सगळे रेल्वेवेडे शपथेवर सांगतील.

सेटिंगचं फार अवडंबर माजवू नका. वरून काढताना गाडी लांब असते, २५० ला एक (सेकंदाचा २५०वा भाग) शटर पण चालतो, मी ५०० ला एक ठेवतो, अ‍ॅपर्चर ८, आयएसओ लागेल तेवढा. फलाटावर किंवा पॉइंटवरून गाडी तुमच्याकडे येत असेल तर १००० ला एक ठेवा, गाड्या इथे वळणामुळे सावकाश जातात तरी जवळून हलतंच. फोकस आधीच, जिथे गाडी यायला हवी आहे त्या जागेवर करून मॅन्युअलला टाका. ऑटोवर ठेवला की ऐनवेळी कोणाची तरी टोपी फोकसमधे येते, माझ्याकडे एका अनोळखी काकांच्या टोपीचा अतिशय शार्प फोटो आहे आणि मागे धूसर अ‍ॅमट्रॅक.

एक्सपोजरची खरी अडचण बोगद्याची. काळं तोंड बघून कॅमेरा सगळं उजळ करतो आणि कडा, आभाळ, हेडलाइट सगळं पांढरं पडतं. म्हणून गाडी यायच्या आधी उन्हातल्या कड्यावर उजेड मोजून (मीटर करून) मॅन्युअलमधे बांधून टाका, बोगदा काळाच राहू दे, बोगदाच आहे तो. सीएसएक्सची इंजिनं गडद निळी, नाकाडं पिवळं. सावलीत निळा रंग काळ्यात मिसळतो आणि फक्त पिवळं नाक तरंगल्यासारखं दिसतं, तेव्हा रॉ मधे, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधे, काढलेलं असलं की सावल्या थोड्या वर उचलता येतात. मालगाडीच्या मधे किंवा शेवटी पण इंजिन असू शकतं, म्हणून पहिलं इंजिन गेलं की कॅमेरा खाली ठेवू नका. मार्कच्या गाड्यांचं तर एका दिशेला इंजिन ओढतं आणि दुसऱ्या दिशेला ढकलतं, येणाऱ्या टोकाला इंजिन नसेल तर मागच्या टोकासाठी थांबा. वरून पाणी चमकत असेल तर पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावा, पण वाइड लेन्सवर आभाळात निळा डाग पडतो त्यामुळे अर्धाच फिरवा.

फोनवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये. ओव्हरलुकवरून फोनचा साधा १एक्स लेन्स पुष्कळ होतो, उन्हात भरपूर उजेड असतो. गावावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करायचा, उजेड किंचित खाली ओढायचा आणि गाडी पुलावर आली की बर्स्ट. डिजिटल झूम करू नका, घरी येऊन कापा. बोगद्याच्या फोटोला मात्र फोन कमी पडतो, तिथे व्हिडिओ घ्या, आवाज असला की अर्धं काम होतं. वाऱ्यासाठी माइकवर बोट ठेवू नका, स्वतः वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा.

ड्रोन विसरा. अमेरिकेतल्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या जागांवर ड्रोनला बंदी आहे आणि इथला कडा, पॉइंट, खालचं गाव यातला मोठा भाग पार्कचाच आहे. दिसतात कधी कोणी उडवताना, त्यांना रेंजरशी बोलताना पण बघितलंय.

दिवसाची आखणी मी आता अशी करतो. सकाळी पार्किंग व्हिजिटर सेंटरला, कारण खाली गावात जागा मिळत नाही आणि मेरीलँडच्या बाजूला रस्त्याकडेला जी थोडी जागा आहे ती लवकर भरते. तिथून शटल बसने खाली, पूल ओलांडून नऊच्या आसपास वर. फ्लोरिडियन गेली की उतरायला सुरुवात. दुपारी सावलीत पाय पसरून बसायचं, तीननंतर पॉइंट, आणि शेवटी फलाट. वेळ उरला आणि कार असेल तर परतीच्या वाटेवर ब्रन्सविकचं रेल्वे यार्ड आहे आणि पुढे पॉइंट ऑफ रॉक्सचं मनोऱ्याचं स्टेशन, हार्पर्स फेरीचं स्टेशन ज्याने काढलं त्याच बाल्डविन नावाच्या वास्तुविशारदाचं, तिथे बाल्टिमोरहून येणारी जुनी लाईन आणि वॉशिंग्टनची लाईन एकत्र येतात आणि मनोरा बरोब्बर त्या बेचक्यात. संध्याकाळच्या उन्हात ते विटांचं स्टेशन लाल होतं, पण त्यावर वेगळं लिहावं लागेल.

फक्त शटलची शेवटची बस किती वाजता आहे ते उतरतानाच ड्रायव्हरला विचारून ठेवा. एकदा संध्याकाळची अ‍ॅमट्रॅक तासभर लेट होती, मी फलाटावर थांबलो, फोटो झकास आला, आणि मग कॅमेरा, ट्रायपॉड आणि रिकामी बाटली घेऊन अंधारात चढण चढत व्हिजिटर सेंटरपर्यंत चालत गेलो. आता सॅकमधे टॉर्च कायम असतो.